दोन हातांना न पुरणारी कामे

पर्जन्यकाळ ओसरून आश्विन लागला की महाराष्ट्राच्या हवेत एक चमत्कारिक द्वैत दिसू लागते: दुपारचे ऊन अंगाची लाही लाही करते आणि पहाटे मात्र पायाशी सारलेले पांघरूण झोपेतच वर ओढावेसे वाटते. पंचांगाच्या हिशेबी शरद ऋतू हा आश्विन आणि कार्तिक या दोन मासांचा. परंतु गृहस्थाश्रमाच्या कारभारात तो मुख्यतः तरतुदीचा काळ होय. वैशाखात पापड-कुरडयांची बेगमी होते ती पावसाळ्यासाठी. शरदात होते ती सणासाठी आणि येऊ घातलेल्या थंडीसाठी. एकीकडे कढई चढते, दुसरीकडे कपाटाच्या तळाशी निजलेली लोकर बाहेर निघते. या दोन उद्योगांचा संबंध वरवर पाहता केवळ ऋतूपुरता वाटतो; पण त्यांच्या प्रक्रिया बारकाईने पाहिल्या तर ध्यानात येते की दोन्ही कामांना एका माणसाचे दोन हात पुरत नाहीत, आणि कुटुंबाला एकत्र बसविण्याचे त्यांचे सामर्थ्य या अपुरेपणातच आहे.

आरंभ होतो कोजागरीला. केशर, वेलची, जायफळ आणि चारोळी घालून आटविलेले दूध चांदण्यात ठेवून प्राशन करावयाचे, आणि ज्येष्ठ अपत्याला ओवाळावयाचे, अशी देशावरची वहिवाट आहे. कोकणात हीच पौर्णिमा नवान्नाची, म्हणून भाताच्या नव्या लोंब्या आंब्याच्या पानांसह बांधून ते ‘नवे’ दारावर लावतात. दूध आटविणे हे तसे एकट्याचे काम. खरी कसोटी लागते ती पुढच्या पंधरवड्यात, दिवाळीच्या फराळाला.

अनारशाचेच पाहा. तांदूळ तीन दिवस भिजत घालावयाचे, रोज पाणी बदलावयाचे, मग सावलीत सुकवून किंचित दमट असतानाच कुटून चाळावयाचे आणि त्या पिठात गूळ मिसळून ते मुरत ठेवावयाचे. तीन दिवसांच्या भिजण्याने तांदूळ मऊ पडतो, किंचित आंबतो, आणि तुपात पडल्यावर त्याला ती सुप्रसिद्ध जाळी सुटते. मात्र गूळ जरा अधिक झाला की अनारसा ‘हसतो’, म्हणजे तुपातच विरघळून पसरतो. खसखशीची बाजू वर ठेवून, न उलटता, मंद आचेवर झाऱ्याने तूप उडवीत तो तळावा लागतो, आणि त्या अवधीत पुढचा अनारसा खसखशीवर थापून देणारा दुसरा कोणी तरी शेजारी असावा लागतो. चकलीचीही तीच कथा. भाजणीत कडकडीत मोहन अधिक झाले तर चकली तेलात मोडते, कमी झाले तर दातांना जुमानत नाही. तेलातले बुडबुडे शांत होऊ लागले की पिठातले पाणी निघून गेले असे समजावे, आणि पाणी गेले म्हणूनच तो जिन्नस डब्यात पुष्कळ दिवस टिकतो. हे बुडबुडे पाहणाऱ्याला सोऱ्या दाबण्याची सवड कुठून असणार? करंजी तर यापुढची: साटा लावलेली पारी क्षणात सुकते, म्हणून एकाने लाटावे, दुसऱ्याने सारण भरून कडा दाबाव्या, तिसऱ्याने कातण फिरवून ती ओल्या फडक्याखाली ठेवावी आणि चौथ्याने तळावी, असे खातेवाटप तिथे आपोआप ठरते.

फराळाचे डबे रिकामे होता होता थंडीचा अंमल सुरू होतो. कोकणपट्टीला लोकरीची फारशी गरज पडत नाही. पण निफाडच्या परिसरात किंवा विदर्भात पौषातल्या पहाटा ज्याने काढल्या आहेत, त्याला हातविणीच्या स्वेटराची थोरवी सांगावी लागत नाही. लोकरीचा तंतू स्वभावतः नागमोडी असतो. त्याच्या वळणांत हवा अडकून राहते, आणि हवा उष्णतेची मंदवाहक असल्यामुळे अंगाची ऊब सहजी बाहेर पडू शकत नाही. शिवाय स्वतःच्या वजनाच्या सुमारे 30 टक्के ओलावा शोषूनही लोकर हाताला ओली लागत नाही. विणकामातला प्रत्येक टाका म्हणजे एक फास असतो, आणि त्या फासांमुळे कापड ताणले जाऊन पुन्हा पूर्ववत होते. म्हणूनच मनगटाच्या व कमरेच्या पट्टीला एक सुलट, एक उलट अशी वीण घालतात, आणि त्या पट्टीसाठी मोठ्या क्रमांकाच्या, अर्थात अधिक बारीक, सुया वापरतात. क्रोशाचा मार्ग निराळा: तिथे एकच आकडी, एका वेळी बहुधा एकच फास, आणि साखळ्या व खांब रचीत रुमाल, तोरण, बाळाचे टोपडे असा विस्तार.

ही कामे एकांतातली वाटतात. परंतु सुईवर टाके घालण्यापूर्वी लडीचा गुंडा करावा लागतो, आणि त्यासाठी समोर दोन्ही हात पसरून बसलेले एखादे पोर लागते. जुन्या घरांत तर मूल वाढले की त्याचा आखूड झालेला स्वेटर उसवीत, धाग्याची लडी करून धुवीत आणि ओल्या लडीला वजन टांगून त्यातल्या सुरकुत्या काढीत. मग त्याच लोकरीत दुसऱ्या रंगाची भर घालून नवा स्वेटर उभा राही. उसविण्याचे काम आजीकडे असले तरी अंगाचे माप मुलालाच द्यावे लागे, आणि पाठीला पाठ लावून उभे राहण्यात तोही त्या कामाचा भागीदार होई.

हीच सहकारिता व्यवसायाच्या पातळीवर पाहावयाची असेल तर घोंगडीकडे वळावे. दख्खनी मेंढीची लोकर जाडीभरडी. ती वर्षातून दोनदा कातरतात, बायका ती पिंजून तिचे सूत कातीत, आणि सणगर व धनगर कुटुंबांतले पुरुष खड्ड्याच्या मागावर ते विणीत. ताणा मोकळ्या जागेत पसरून त्याला चिंचोक्यांची खळ देतात, कारण खळीवाचून ते भरड सूत मागाच्या घर्षणाला टिकत नाही. काळी-पांढरी घोंगडी रंग न देताच होते, कारण रंग मेंढीचाच असतो.

या सगळ्याचे गुणगान करताना एक अप्रिय सत्य लपविणे अप्रामाणिकपणाचे होईल: घरातले हे ‘एकत्र’ काम बहुधा एकत्र जमलेल्या स्त्रियांचेच असे, आणि पुरुषवर्ग चव पाहण्यापुरता हजेरी लावी. कमलाबाई ओगले यांचे ‘रुचिरा’ 1970 साली प्रसिद्ध झाले आणि त्यातल्या वाटी-चमच्यांच्या प्रमाणांनी शहरातल्या लहानशा बिऱ्हाडात सासू-आईवाचून संसार मांडणाऱ्या असंख्य तरुणींना आधार दिला. तो आधार मोलाचा होता. तथापि पुस्तक प्रमाण सांगते, सोऱ्या दाबीत नाही. गिरणीचा स्वेटर आणि दुकानातला फराळ यांनी पुढे ती दुसऱ्या माणसाची गरजच संपविली. वस्तू तशीच मिळते, कित्येकदा अधिक नेटकी मिळते. नाहीशी होते ती परस्परांवाचून अडण्याची सोय.

माणसे प्रेमाने एकत्र येतात आणि मग काम करतात, असा आपला समज आहे. घराचा अनुभव पुष्कळदा याच्या उलट असतो: काम अडते म्हणून माणसे बसतात, आणि बसल्यावर हात गुंतले की जिभा मोकळ्या होतात. तेव्हा सगळी बेगमी घरीच करण्याचा हट्ट नको. शेव, चिवडा खुशाल बाहेरून आणावा. पण करंजी घरी करावी, कारण तिला चार माणसे लागतात, आणि एखादी लडी गुंडाळून घेण्यासाठी घरातल्या पोराला मोबाइल खाली ठेवून हात पुढे करावयास सांगावे. एवढी दक्षता मात्र घ्यावी की लाटण्याचा मान वर्षानुवर्षे एकाच हाताला मिळणार नाही.