बँकॉक पाहावं पाण्यावरून

पहिल्या परदेशवारीचा विषय निघाला की मराठी घरांत बँकॉकचं नाव हमखास येतं. मुंबईहून चार-साडेचार तासांचं विमान, खिशाला झेपणारा खर्च आणि सहल-कंपन्यांचे तयार कार्यक्रम. पण त्या कार्यक्रमात बँकॉकच्या वाट्याला फार तर दीड दिवस येतो. एक मंदिर, एक मॉल, एक रत्नांचं दुकान, की निघाली बस पट्टायाला! मी या शहरात संसार मांडून राहते. गावाकडून येणाऱ्या प्रत्येकाला मी आधी दोन गोष्टी सांगते. शहर जमेल तितकं पाण्यावरून बघा आणि दिवसाची आखणी उन्हाच्या कलाने करा. एवढं जमलं की बँकॉक दमवत नाही, उलट लळा लावतं.

आधी नदी, मग रस्ते

१७८२ साली पहिला राम या राजाने चाओ फ्राया नदीच्या पूर्वेच्या काठावर राजधानी वसवली. एका अंगाला नदी आणि उरलेल्या बाजूंनी खोदलेले कालवे, असं बेटच तयार केलं. या कालव्यांना इथे ‘ख्लोंग’ म्हणतात. माल, माणसं, लग्नाची वऱ्हाडं, सगळं पाण्यावरून जायचं. आज राजवाड्यासमोरून वाहणारा नदीचा पट्टाही मुळात माणसाने खोदलेला आहे. नदीला पूर्वी पश्चिमेकडे मोठं वळण होतं. जहाजांचा फेरा वाचावा म्हणून सोळाव्या शतकात इथे आडवी वाट काढली आणि पुढे मुख्य प्रवाहच तिकडे वळला. जुनं वळण थोनबुरी भागात बँकॉक नोई आणि बँकॉक याई या ख्लोंगांच्या रूपाने अजून वाहतं आहे.

आधुनिक पद्धतीचा पहिला रस्ता, चारोएन क्रुंग, १८६०च्या दशकात झाला. पुढे बरेच ख्लोंग बुजवून रस्ते झाले आणि बागांमधल्या पाटांच्या जागी लांबच लांब गल्ल्या आल्या. या गल्ल्या म्हणजे ‘सोय’. यांतल्या कितीतरी सोय पलीकडे कुठेच निघत नाहीत, म्हणून सगळी वाहनं पुन्हा त्याच हमरस्त्यावर येऊन तुंबतात. नकाशावर दोन किलोमीटर दिसणाऱ्या अंतराला टॅक्सीत पाऊण तास का लागतो, त्याचं उत्तर या इतिहासात आहे.

बोटीची सवय करून घ्या

सुवर्णभूमी विमानतळावरून शहरात येणारी रेल्वे स्वस्त आहे आणि वाहतूक कोंडीतून सुटका करते. शहरात उन्नत रेल्वे, म्हणजे बीटीएस, १९९९च्या डिसेंबरात सुरू झाली. एमआरटी ही मेट्रो त्यानंतरची. दोन्हींची तिकिटं वेगळी असतात, हे लक्षात ठेवा. उतरायचं हॉटेल शक्यतो यांतल्या एखाद्या स्टेशनपासून चालत जाण्याइतक्या अंतरावर घ्या. खोली चार पैसे महाग पडली तरी टॅक्सीचे पैसे आणि वेळ दोन्ही वाचतात.

बीटीएसने साफान ताक्सिन स्टेशनला उतरलात की पायऱ्यांखालीच साथोनचा धक्का आहे. तिथे नारिंगी झेंड्याची बोट पकडा. पर्यटकांसाठी वेगळी, महाग बोटही असते, पण नारिंगी झेंड्याच्या बोटीत तुम्ही शाळकरी मुलं, नोकरदार आणि भिक्खू यांच्यासोबत १५-२० बाटांत जाता. भिक्खूंसाठी जागा राखीव असते, तिथे बसू नका. वाहक बाईच्या हातात लांबट धातूची नळकांडी असते. तिच्यात सुटे पैसे खुळखुळवत ती येते आणि नळकांड्याच्याच कडेने तिकीट फाडून देते. मागच्या बाजूला उभा असलेला पोऱ्या शिट्ट्या मारून चालकाला बोट धक्क्याला कशी लावायची ते कळवत असतो. बोट धक्क्याला जेमतेम टेकते, त्यामुळे आपला धक्का यायच्या आधीच दाराशी उभं राहावं. वयस्कर माणसं सोबत असतील तर एकाने आधी उतरून त्यांना हात द्यावा.

दुसरी बोट सेन सेप ख्लोंगावरची. हा कालवा १८३७ साली, तिसऱ्या रामाच्या काळात, पूर्वेकडे सैन्य आणि रसद नेण्यासाठी खोदायला घेतला. आज तीच शहराच्या मधोमध जाणारी सर्वांत वेगवान वाट आहे. जुन्या शहराच्या बाजूने बसलात तर प्रातुनामच्या कपड्यांच्या बाजारापर्यंत एकही सिग्नल लागत नाही. पाणी काळं आहे आणि त्याला वास येतो. समोरून दुसरी बोट आली की कडेचे प्रवासी दोरी ओढून प्लास्टिकचा पडदा वर घेतात. तुम्ही कडेला बसलात तर ते काम तुमचं. वाहक डोक्यावर हेल्मेट घालून बोटीच्या बाहेरच्या काठावरून चालत तिकिटं देतात, कारण पूल फार ठेंगणे आहेत. संध्याकाळनंतर ही सेवा लवकर बंद होते, म्हणून परतीचा प्रवास हिच्यावर सोडू नका.

उन्हाप्रमाणे दिवस

इथलं ऊन कोकणातल्या उन्हासारखं दमट आहे. सकाळचे पहिले तीन तास आणि संध्याकाळी पाचनंतरचा वेळ उघड्यावर घालवा, मधला छपराखाली.

राजवाडा साडेआठला उघडतो, तेव्हाच दारात हजर राहा. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. साडी किंवा सलवार-कमीज असेल तर प्रश्नच नाही. आत वाट फ्रा केव या मंदिरात पाचूच्या रंगाची बुद्धमूर्ती आहे. उन्हाळा, पावसाळा आणि हिवाळा असे तिचे तीन पोशाख असून ते बदलण्याचा मान राजाचा असतो. मंदिराभोवतीच्या ओवरीत १७८ चित्रचौकटींमध्ये रामाकिएन, म्हणजे थाई रामायण, रंगवलेलं आहे. गर्दी मूर्तीपाशी असते. तुम्ही या ओवरीतून घड्याळाच्या काट्याच्या दिशेने सावकाश फिरा. आपला ब्रह्मचारी मारुती इथे मत्स्यकन्येच्या प्रेमात पडतो, हे मुलांना चित्रातच दाखवता येतं.

तिथून वाट फो हे मंदिर चालत जाण्याच्या अंतरावर आहे. निजलेल्या बुद्धाची मूर्ती ४६ मीटर लांब आहे. तिच्या तळपायांवर शिंपल्यांच्या जडावात १०८ शुभचिन्हं आहेत, ती बघायला पायाकडच्या बाजूला थांबा. याच आवारात मालिशचं जुनं विद्यापीठ म्हणावं असं शिक्षणकेंद्र आहे. थाई मालिशला युनेस्कोने २०१९ साली वारसा म्हणून मान्यता दिली. भर दुपारी तासभर पाय चोळून घ्यायला याहून चांगली जागा नाही. मग था तियेनच्या धक्क्यावरून छोट्या बोटीने समोरच्या वाट अरुणला जा. चिनी मातीच्या भांड्यांच्या तुकड्यांनी मढवलेला त्याचा मनोरा उतरत्या उन्हात लखलखतो.

आणखी एक जागा मराठी माणसाने चुकवू नये. वाट सुथातसमोर लाल सागवानी खांबांचा प्रचंड झोपाळा उभा आहे, साओ चिंग चा. त्यावर झोके घेण्याचा ब्राह्मणी विधी १९३५ साली बंद झाला, झोपाळा मात्र राखला आहे. जवळच देवस्थान हे शिव, गणपती आणि विष्णू यांचं मंदिर आहे, १७८४ सालचं. राजदरबाराचे विधी करणारे थाई ब्राह्मण आजही तिथे पूजा करतात.

संध्याकाळ लुम्फिनी बागेत घालवा. सहा वाजता राष्ट्रगीत लागतं आणि धावणारी माणसं जागच्या जागी थांबतात. तुम्हीही थांबा. तळ्याकाठी मोठ्या घोरपडी हिंडतात. त्यांना डिवचू नका, त्या तुमच्या वाटेला जाणार नाहीत.

रात्री पाक ख्लोंग तलात हा फुलबाजार जागा असतो. झेंडूचे ढीग, बर्फावर ठेवलेल्या मोगऱ्याच्या कळ्या आणि सुईने एकेक कळी ओवून केलेले मनगटाएवढे गजरे. शेजारचा फाहुरात हा हिंदी व्यापाऱ्यांचा कापडबाजार, त्यात सोनेरी घुमटाचा गुरुद्वारा.

शाकाहारी काय खाणार?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो. पिवळ्या कापडावर लाल अक्षरं असलेली पताका शोधा. ती ‘जे’ अन्नाची खूण आहे. चिनी बौद्ध परंपरेतल्या या जेवणात मांस, मासे, अंडी आणि दूध नसतंच, शिवाय कांदा-लसूणही नसतात. जैन पाहुण्यांचीही त्यामुळे बरीच सोय होते. ‘मांगसविरात’ म्हटलंत तर अंडं येऊ शकतं. नुसत्या भाज्या दिसल्या म्हणून निर्धास्त राहू नका. हिरव्या करीच्या वाटणात कोळंबीची चटणी असते, पपईच्या सोम तममध्ये सुकट आणि माशाचं पाणी, परतलेल्या पालेभाजीत कालवांचा सॉस. ‘किन जे’, म्हणजे मी जे खाते किंवा खातो, एवढं हसून सांगितलंत तर गाडीवाली स्वतःच सांगते की यातलं काय चालेल.

सकाळी गाडीवर खनोम क्रोक मिळतात. आप्प्यांच्या पात्रासारख्याच बिडाच्या तव्यात तांदळाचं पीठ, वर नारळाचं दाट दूध, त्यावर मका किंवा कांद्याची पात. खरवडून काढलेल्या दोन अर्ध्या वाट्या एकमेकींवर बसवून देतात. बाहेरून खरपूस आणि आत लुसलुशीत. तोंड भाजू नये म्हणून दोन मिनिटं थांबा.

कधी यावं?

नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. एप्रिल सर्वांत तापतो. तेव्हा १३ ते १५ तारखेला सोंगक्रानचा पाण्याचा सण असतो. त्या दिवसांत कोरडं राहायची अपेक्षा ठेवू नका आणि फोन प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा. सप्टेंबर-ऑक्टोबरात पाऊस जोरात पडतो. शहर समुद्रसपाटीपासून जेमतेम दीड मीटर वर, म्हणून पाणी निचरायला वेळ लागतो. सर आली की तासभर कुठेतरी टेका. याच दिवसांत नऊ दिवसांचा ‘जे’ उत्सव येतो, बहुतेक वर्षी आपल्या नवरात्रातच. सिलोमच्या मारियम्मन मंदिराची विजयादशमीची मिरवणूक तेव्हा रस्ता व्यापून टाकते.

दिवाळीनंतर यायचं असेल तर पौर्णिमा बघून या. आपल्या त्रिपुरारी पौर्णिमेच्या सुमारास इथे लॉय क्राथोंग असतो. केळीच्या खोडाच्या चकतीवर पानांची पाकळ्यांसारखी घडी, फुलं, उदबत्ती आणि मेणबत्ती लावून तो दिवा पाण्यात सोडतात. क्राथोंग केळीचाच घ्या, थर्मोकोलचा नको. दुसऱ्या दिवशी पहाटे पालिकेची माणसं ते सगळे पाण्यातून वेचतात.

सांभाळायच्या गोष्टी

व्हिसाचे नियम बदलतात, निघण्यापूर्वी दूतावासाच्या अधिकृत संकेतस्थळावर बघा. मे २०२५पासून आगमनाचा डिजिटल फॉर्म आधी भरावा लागतो. तो मोफत आहे, कुणाला पैसे देऊ नका. ई-सिगारेट इथे बेकायदा आहे. राजघराण्याबद्दल गमतीतही बोलू नका, कायदा फार कडक आहे आणि लोकांच्या भावना त्याहून खोल. बुद्धमूर्तीकडे पाय करून बसू नये, कुणाच्या डोक्याला हात लावू नये, बायकांनी भिक्खूंना स्पर्श करू नये.

राजवाड्याबाहेर चांगल्या कपड्यातला एखादा गृहस्थ सांगेल, “आज राजवाडा बंद आहे, २० बाटांत टुकटुकने दुसरी देवळं दाखवतो.” ती टुकटुक रत्नांच्या दुकानात जाते. हसून मान हलवा आणि प्रवेशद्वारापर्यंत स्वतः जा. टॅक्सीत बसण्याआधी मीटर लावायला सांगा, नाही म्हणाला तर पुढची बघा. अडचण आली तर पर्यटक पोलिसांचा क्रमांक ११५५.

शेवटचं सांगणं यजमान म्हणून. इथली माणसं आवाज चढवत नाहीत, आणि जो चढवतो त्याच्याशी व्यवहार मनातून मिटवून टाकतात. रांगेत उभं राहणं, हात जोडणं आणि थोडं हसणं यांनी या शहरात जितकी दारं उघडतात तितकी पैशाने उघडत नाहीत. पट्टायाला जायचं तर जा, पण बँकॉकला किमान तीन पूर्ण दिवस द्या, आणि त्यातला एक दिवस काहीच न ठरवता बोटीने कुठल्याही धक्क्यावर उतरण्यासाठी ठेवा. मला हे शहर असंच कळत गेलं, तुम्हालाही कळेल.