हिवाळी सण: धर्म अनेक, मोसम एक

डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत भारतातील बहुतेक वस्त्यांत कोणता ना कोणता सण असतो. ख्रिस्ती घरांत नाताळ, ज्यू घरांत हनुक्का, शीख घरांत गुरू गोविंदसिंगांचे प्रकाशपर्व, लडाखमध्ये लोसर, पंजाबात लोहडी, महाराष्ट्रात संक्रांत, तमिळनाडूत पोंगल आणि आसामात माघ बिहू. या सणांमागील श्रद्धा ज्या त्या धर्माची आहे. मात्र तो सण घरात कसा साजरा होतो, हे केवळ धर्मग्रंथावरून ठरत नाही. थंडी, त्या मोसमातील पिके, शेजार आणि घरातील माणसांचे कष्ट यांतून घरगुती प्रथा आकाराला येते. त्यामुळेच श्रद्धा कायम असूनही एखादी प्रथा नाहीशी होते, तर गाव सुटल्यानंतरही एखादी प्रथा पिढ्यान्‌पिढ्या टिकते.

तारखा का बदलतात?

नाताळ दरवर्षी २५ डिसेंबरलाच येतो. कोलकात्यातील आर्मेनियन ख्रिस्ती समाज मात्र आपल्या चर्चच्या परंपरेनुसार ६ जानेवारीला ख्रिस्तजन्म साजरा करतो. हनुक्का हा ज्यू पंचांगातील किस्लेव महिन्याच्या २५ तारखेपासून आठ दिवस चालतो. ज्यू पंचांग चांद्र असले तरी ऋतूंशी मेळ राखण्यासाठी त्यात १९ वर्षांत सात वेळा एक महिना वाढवला जातो. आपल्याकडील अधिक मासाशी त्याचे साम्य सहज ध्यानात येईल. त्यामुळे हनुक्का मागेपुढे सरकतो, पण हिवाळा सोडत नाही. २०२४ मध्ये त्याची पहिली रात्र नेमकी २५ डिसेंबरला आली होती.

इस्लामी पंचांगात असा वाढीव महिना नसतो. रमजान आणि ईद दरवर्षी सुमारे ११ दिवस अलीकडे येतात आणि साधारण ३३ वर्षांत सर्व ऋतूंतून फिरून येतात. २००० साली रमजान ईद डिसेंबरच्या अखेरच्या आठवड्यात होती. नाताळपाठोपाठच ईदचा शिरखुर्मा शिजला. गणितानुसार २०३० साली रमजान महिना दोनदा सुरू होईल, एकदा जानेवारीत आणि पुन्हा डिसेंबरच्या अखेरीस.

मकर संक्रांत सूर्याच्या राशिसंक्रमणावर अवलंबून असल्याने ती एका तारखेला स्थिर आहे असे वाटते. वस्तुतः तीही सुमारे ७२ वर्षांत एक दिवस पुढे सरकते. स्वामी विवेकानंदांचा जन्म १८६३ च्या संक्रांतीला झाला. त्या दिवशी तारीख १२ जानेवारी होती. आता संक्रांत १४ किंवा १५ जानेवारीला येते. लडाखमधील लोसरही तिबेटी नववर्षाच्या सुमारे दोन महिने आधी, बहुधा डिसेंबरात साजरा होतो. सतराव्या शतकात राजा जमयांग नामग्याल याने मोहिमेवर निघण्यापूर्वी सण आटोपून घेतला आणि तीच प्रथा पुढे रूढ झाली, अशी तेथील परंपरा आहे.

मोसमाने घडवलेले स्वयंपाकघर

तारखा वेगवेगळ्या असल्या तरी थंडी सर्वांची एकच असते. खरिपाचे तीळ घरात आलेले असतात, नवा गूळ बाजारात येऊ लागतो आणि थंडीत शरीराला उष्ण व स्निग्ध अन्न हवे असते. त्यामुळे महाराष्ट्रात तिळगूळ, बिहारमधील गयेत तिळकूट, आसामात तिळाचा पिठा आणि पंजाबात रेवडी व गजक असे एकाच धान्याचे अनेक अवतार दिसतात. आपल्याकडे भोगीच्या दिवशी तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि हरभरा, पावटा, वांगी, गाजर यांची मिसळीची भाजी करतात. शेतात त्या वेळी जे पिकते तेच त्या ताटात असते.

नाताळच्या फराळालाही हाच नियम लागू पडतो. ख्रिस्ती धर्म गोव्यात पोर्तुगीजांबरोबर रुजला, परंतु तेथील नाताळचा फराळ नारळ, तांदूळ आणि गूळ यांवरच उभा राहिला. दोदोल याच तीन जिनसांपासून घोटून करतात. नाताळच्या ताटातील नेवरी आणि गणेश चतुर्थीच्या ताटातील नेवरी ही सख्खी भावंडे आहेत. उत्तरेत अलाहाबादच्या, म्हणजे आताच्या प्रयागराजच्या, नाताळच्या केकमध्ये पेठा, मुरंबा, सुंठ, बडीशेप आणि लोण्याऐवजी साजूक तूप असते. अनेक कुटुंबे सामान घेऊन ओळखीच्या बेकरीत जातात आणि आपल्यासमोर केक भाजून घेतात. या केकची चव युरोपातील केकपेक्षा वेगळी आहे आणि त्या कुटुंबांना तीच नाताळची खरी चव वाटते.

काश्मीरमध्ये २१ डिसेंबरपासून चाळीस दिवसांची कडाक्याची थंडी, अर्थात चिल्लई कलान, सुरू होते. पहाटे मांस व तांदूळ एकत्र घोटून केलेली हरिसा खाणे ही तेथील हिवाळ्याची ओळख आहे. विवाहित मुलीच्या सासरी हरिसा पाठवण्याची रीतही आहे. काश्मिरी पंडितांच्या घरी पौष अमावास्येला यक्षासाठी खिचडी शिजवून ठेवतात. १९९० नंतर खोरे सोडावे लागलेली अनेक पंडित कुटुंबे जम्मू किंवा दिल्लीच्या घरांतही ही खिचडी करतात. पहिल्या बर्फाची थट्टा मात्र हिंदू आणि मुसलमान दोघांचीही होती. नव्या बर्फाचा गोळा गुंडाळून कोणाच्या तरी हाती द्यायचा. ज्याने तो बेसावधपणे घेतला त्याने मेजवानी द्यायची.

शेजारच्या घरचे ताट

घरातील सण उंबरठ्याबाहेर पडतो तो बहुधा ताटातून. गोव्यात नाताळच्या फराळाची ताटे शेजारी, आप्त आणि परधर्मीय स्नेह्यांकडे जातात. चतुर्थीला हिंदू शेजाऱ्यांकडून आलेल्या ताटाची ती परतफेडही असते. ज्या घरी त्या वर्षी मृत्यू झाला असेल तेथे गोडधोड होत नाही. तेव्हा शेजारी आपल्या घरचे ताट तेथे आवर्जून पोहोचवतात. सणाच्या दिवशी दुःखी घर एकाकी राहू नये, याची ही व्यवस्था आहे.

वसई व साष्टीचा परिसर दीर्घकाळ पोर्तुगीजांच्या ताब्यात होता. वसई १५३४ मध्ये त्यांच्याकडे गेली आणि १७३९ मध्ये मराठ्यांनी ती जिंकली. या भागातील ख्रिस्ती समाजाने धर्म बदलला तरी भाषा बदलली नाही. सामवेदी, वाडवळ आणि ईस्ट इंडियन कुटुंबांत मराठीच्या बोली आजही बोलल्या जातात. त्यामुळे मध्यरात्रीच्या मिस्सेनंतरच्या शुभेच्छा, फराळाची नावे आणि आजीच्या सूचना या घरांत मराठीत ऐकू येतात.

कोलकात्यात नाताळला ‘बड़ो दिन’ म्हणतात. तेथील न्यू मार्केटमधील नाहूम ही १९०२ पासून चालत आलेली ज्यू कुटुंबाची बेकरी आहे. नाताळच्या केकसाठी तिच्यासमोर लागणाऱ्या रांगेत बंगाली हिंदू गिऱ्हाईक मोठ्या संख्येने असते आणि भट्टीवर वर्षानुवर्षे मुसलमान कारागीर काम करत आले आहेत. पंजाबात लोहडीच्या रात्री हिंदू आणि शीख मुले घरोघर फिरून ज्याची गाणी म्हणतात तो दुल्ला भट्टी मुसलमान होता. अकबराच्या काळातील हा बंडखोर, पळवून नेल्या जाणाऱ्या मुलींची सुटका करून त्यांची लग्ने लावून देत असे, अशी लोककथा आहे. ज्या घरात नवी सून किंवा नवे बाळ आले असेल तेथे पहिली लोहडी विशेष थाटाने होते. आपल्याकडे नववधूला हलव्याचे दागिने घालण्याची आणि बाळाला बोरन्हाण घालण्याची प्रथा याच जातीची आहे. घरात आलेल्या नव्या माणसाचे सणाच्या निमित्ताने सर्वांसमक्ष स्वागत व्हावे, हा तिचा हेतू.

गाव सुटले, मलिदा राहिला

रायगडच्या किनाऱ्यावर शतकानुशतके राहिलेला बेने इस्रायल समाज मराठी बोलतो. शनिवारी तेलघाणा बंद ठेवणारे म्हणून त्यांना ‘शनिवार तेली’ म्हटले जाई. या समाजाला हनुक्काची ओळख बरीच उशिरा, इतर ज्यूंशी संपर्क वाढल्यानंतर झाली, असे त्यांचा इतिहास सांगतो. हिवाळ्यातील त्यांचा खास विधी वेगळाच आहे. ज्यू पंचांगातील शेवाट महिन्याच्या पौर्णिमेला, म्हणजे जानेवारी किंवा फेब्रुवारीत, वृक्षांचे नववर्ष असते. त्या दिवशी हे लोक प्रेषित एलियाचे स्मरण करून मलिदा करतात. गोड पोह्यांत ओले खोबरे आणि सुकामेवा मिसळून भोवती फळे मांडतात व प्रार्थनेनंतर तो वाटतात. अलिबागजवळील खंडाळे येथे प्रेषित एलियाच्या रथाची खूण उमटली आहे, अशी त्यांची श्रद्धा असून अनेक कुटुंबे तेथे दर्शनाला जातात.

जगातील इतर ज्यूंमध्ये मलिदा नाही. हा शब्द कोकणातील दर्ग्यांवरही ऐकू येतो आणि पोहे तर प्रत्येक मराठी घरातले. १९४८ नंतर या समाजातील बहुसंख्य कुटुंबे इस्रायलला गेली. तेथे अश्दोद, दिमोना यांसारख्या शहरांत मलिदा अजून होतो आणि ‘मायबोली’ हे मराठी नियतकालिकही तेथून निघत आले आहे. मूळ गावांत मात्र सभागृहे उभी आहेत आणि प्रार्थनेसाठी आवश्यक असलेले दहा प्रौढ पुरुष जमवणे कठीण झाले आहे. परंपरेला वास्तूपेक्षा माणसांची गरज अधिक असते, हे येथे स्पष्ट दिसते.

एका घरात दोन धर्म

१९५४ च्या विशेष विवाह कायद्यामुळे धर्मांतर न करता भिन्नधर्मीयांना विवाह करता येतो. कायदा विवाहाची नोंद करतो. सणाच्या दिवशी काय करावे, हा प्रश्न घरालाच सोडवावा लागतो. केकमध्ये अंडी आणि मद्य असावे की नसावे, आजोबांच्या घरी मांसाहार चालेल का, मुलांनी आरतीला उभे राहावे की चर्चला जावे, असे प्रश्न वरवर किरकोळ वाटतात. प्रत्यक्षात दुखावणारे प्रसंग याच प्रश्नांवरून उद्भवतात.

सर्व सण एकाच दिव्यात आणि एकाच केकमध्ये मिसळून टाकणे, हा सोपा उपाय वाटतो. पण त्यात कोणत्याच सणाचा अर्थ मुलांच्या पदरी पडत नाही. प्रत्येक सण त्याच्या मूळ रीतीने आणि तो मानणाऱ्या वडीलधाऱ्यांच्या पुढाकाराने व्हावा, इतरांनी पाहुणे म्हणून सामील व्हावे, श्रद्धेच्या विधीत भाग घेण्याची सक्ती नसावी आणि पंगतीत प्रत्येकाला खाता येईल असा एक तरी पदार्थ असावा, ही वाट अधिक टिकाऊ ठरते. उंबरठ्यावरून ताटे देणारे शेजारी पिढ्यान्‌पिढ्या हेच करत आले आहेत.

प्रत्येक हिवाळी दिवस आनंदाचा नसतो, हेही लक्षात घ्यायला हवे. डिसेंबरच्या अखेरीस शीख समाज गुरू गोविंदसिंगांच्या पुत्रांच्या हौतात्म्याचे स्मरण करतो. धाकटे जोरावरसिंग आणि फतेहसिंग यांना सरहिंद येथे भिंतीत चिणण्यात आले. फतेहगढ साहिब येथे त्या दिवसांत मोठा मेळा भरतो आणि अनेक घरांत मंगलकार्ये टाळली जातात; काही जण जमिनीवर झोपतात. पंजाबातील गुरदासपूर व अमृतसर जिल्ह्यांत ख्रिस्ती वस्तीही लक्षणीय आहे. तेथे एका गल्लीत नाताळ आणि शेजारच्या गल्लीत शोक असतो. महाराष्ट्रातील बौद्ध कुटुंबांसाठी २५ डिसेंबर हा महाड येथे १९२७ मध्ये झालेल्या मनुस्मृतिदहनाचा स्मरणदिन आहे. शेजाऱ्याच्या आनंदाइतकीच त्याच्या स्मरणाचीही माहिती असणे हा सहजीवनाचाच भाग होय.

कोण आत, कोण बाहेर

परंपरा जोडते तशी ती वगळतेही. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला विधवांना न बोलावण्याची रीत पिढ्यान्‌पिढ्या चालली. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामसभेने २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्यानंतर राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींनाही त्याचे अनुकरण करण्याचे आवाहन केले. अनेक ठिकाणी आता हळदीकुंकवाला विधवा आणि अन्य धर्मीय शेजारणी यांनाही बोलावले जाते. तिळगूळ तोच, वाणही तेच. पण पंगत मोठी झाली आहे.

दुसरा प्रश्न कष्टांचा आहे. काटेरी हलवा घरी करायचा तर मंद आचेवर खसखस किंवा तिळावर पाकाचे थेंब सोडत तासन्‌तास हात फिरवावा लागतो. कोरडी थंडी असेल तरच काटा चांगला फुलतो. कुलकुलांसाठी पिठाची इवलीशी गोळी काट्याच्या चमच्यावर किंवा स्वच्छ कंगव्यावर दाबून वळावी लागते आणि शेकडो कुलकुले एकट्याने होत नाहीत. पूर्वी हे काम घरातील स्त्रिया एकत्र बसून करत. आता कुटुंबे लहान झाली, स्त्रिया नोकरी करू लागल्या आणि दोन्ही पदार्थ पाकिटांतून मिळू लागले. विकत आणण्यात गैर काहीच नाही. परंतु केवळ आईने एकटीने राबावे अशी अपेक्षा ठेवून ही कौशल्ये वाचणार नाहीत. मुलगे, वडील आणि शेजारची मुले एका सायंकाळी कंगवा घेऊन बसली, तर कुलकुले वेडीवाकडी होतील. मात्र ती वळायची कशी, हे पुढच्या वर्षी त्या घरात आणखी चार जणांना ठाऊक असेल.