पोहणारी पोरगी प्रशिक्षक कशी होते?

उन्हाळा लागला की आपल्याकडच्या विहिरी गजबजतात. पाठीला डबा नाहीतर पांगाऱ्याचा बिंडा बांधून पोरं-पोरी पाण्यात उतरतात. थोड्या दिवसांत बिंडा सुटतो आणि पोरगी काठावरून सूर मारायला लागते. मग ती बारा-तेरा वर्षांची झाली की आपणच म्हणतो, "पुरे झालं आता पोहणं." तिचा भाऊ मात्र पोहतच राहतो.

आजचं बोलणं या पोरीबद्दल आहे. पोहण्यातून तिला पोटापाण्याचं काम मिळू शकतं का? स्पर्धेचं पोहणं शिकवणारी प्रशिक्षक, म्हणजे कोच, व्हायचं तर वाट कशी असते?

आधी एक गोष्ट नीट समजून घेऊ. पोहता येणं वेगळं, स्पर्धेत पोहणं वेगळं आणि शिकवणं त्याहून वेगळं. स्पर्धेचा मोठा तलाव 50 मीटर लांब असतो. फ्रीस्टाइल, बॅकस्ट्रोक, ब्रेस्टस्ट्रोक आणि बटरफ्लाय असे चार प्रकार असतात आणि प्रत्येकाचे नियम वेगळे. ब्रेस्टस्ट्रोक आणि बटरफ्लायमध्ये भिंतीला दोन्ही हात एकाच वेळी लागावे लागतात. एकच हात लागला तर सगळ्यांच्या पुढे असलेली पोरगीसुद्धा बाद होते. वेळ सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत मोजतात. उडी कशी घ्यायची, भिंतीजवळ कसं वळायचं, श्वास कधी घ्यायचा, कुठल्या दिवशी किती पोहायचं आणि स्पर्धा जवळ आली की सराव किती कमी करायचा, हे सगळं प्रशिक्षक ठरवते. तिच्या हातात स्टॉपवॉच असतं आणि वहीत प्रत्येक मुलीची नोंद असते. आपल्या बचत गटाच्या हिशोबाच्या वहीसारखीच ती रोज लिहावी लागते.

आपल्या अमरावतीच्या कांचनमाला पांडे यांचं उदाहरण घ्या. त्यांना दिसत नाही. 2017 साली मेक्सिकोत झालेल्या दिव्यांगांच्या जागतिक जलतरण स्पर्धेत त्यांनी सुवर्णपदक मिळवलं. अंध जलतरणपटूंच्या शर्यतीत भिंत जवळ आली की काठावरचा माणूस मऊ टोकाच्या काठीने पोहणाऱ्याला हलकेच टोचतो. ती खूण क्षणभर लवकर झाली तर वेग जातो आणि उशिरा झाली तर डोकं भिंतीवर आपटतं. पदक एकीच्या गळ्यात पडतं, पण काठावर कुणीतरी डोळ्यांत तेल घालून उभं असतं.

आता वाट सांगते. पहिली पायरी शाळेची. शालेय स्पर्धा 14, 17 आणि 19 वर्षांखालील गटांत होतात आणि जिल्हा, विभाग, राज्य अशा वर चढत जातात. पोरीचं नाव शाळेमार्फत द्यायचं. भाग घेतल्याचं प्रत्येक प्रमाणपत्र जपून ठेवायचं, ते पुढे मागतात. महाराष्ट्रात सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी 5 टक्के आरक्षण आहे, पण ते ठरावीक दर्जाच्या कामगिरीवरच मिळतं.

दुसरी पायरी जीवरक्षकाची. बुडणाऱ्याला बाहेर कसं काढायचं, श्वास थांबला तर छातीवर दाब कसा द्यायचा, याचं शिक्षण घ्यायचं. राष्ट्रीय लाइफ सेव्हिंग सोसायटी ही संस्था हे काम करते आणि तिचं मुख्यालय पुण्यात आहे. अनेकींना तलावावरचं पहिलं काम याच शिक्षणावर मिळतं. तिथेच मोठ्या प्रशिक्षकांच्या हाताखाली लहान मुलांना शिकवत हात बसतो.

तिसरी पायरी शिक्षणाची. बारावीवर थांबू नका, पदवी पूर्ण होऊ द्या. पदवीनंतर दोन वर्षांचं बी.पी.एड. केलं तर शाळेत खेळाची शिक्षिका होण्याचा रस्ता उघडतो. निव्वळ प्रशिक्षक व्हायचं असेल तर पतियाळाची राष्ट्रीय क्रीडा संस्था आहे. ती 1961 साली सुरू झाली. तिथला सहा आठवड्यांचा प्रमाणपत्र वर्ग छोटा आणि पदविका मोठी. पदविकेला पदवी आणि खेळातली कामगिरी दोन्ही बघतात. अटी त्या-त्या वर्षीच्या जाहिरातीत वाचायच्या. आठ दिवसांत "आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र" देतो म्हणणाऱ्याला पैसे देण्याआधी जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात जाऊन विचारा, हा कागद नोकरीला चालतो का.

काम कुठे मिळतं? नगरपालिकेचे तलाव, शाळा, क्लब आणि मोठ्या गृहसंकुलांत. मात्र खरं तेही सांगायला हवं. पुष्कळ जागा कंत्राटी असतात. काही तलावांवर कमाई उन्हाळ्याच्या बॅचवरच चालते. पहाटे पाचला काठावर उभं राहावं लागतं. म्हणून सुरुवातीची दोन-तीन वर्षं हातात दुसरं काही काम असलेलं बरं.

तरीही हे काम आपल्या पोरींनी करावं असं मला वाटतं. कारण ज्या आईला पोरीने पोहायला जावं असं वाटतं, तिचा पहिला प्रश्न असतो, "शिकवायला बाई आहे का?" पोहण्याचे कपडे, पाळीचे दिवस, कुणी नको तसा हात लावला तर, हे पोरगी बाईजवळच मोकळेपणाने बोलते. काठावर बाई नसली की बारा-तेरा वर्षांच्या पोरी एकेक करून घरी बसतात. आणि आज पोरी घरी बसल्या तर उद्या काठावर उभी राहायला बाई कुठून येणार? गाठ आहे ती इथेच.

ती सोडवायला गट काय करू शकतो? गावातल्या पोहणाऱ्या दोन-तीन पोरी एकत्र पाठवा, एकटीला नको. सोबत पाळीपाळीने एकेक बाई जावी, एसटीत आपल्याला अर्धंच तिकीट आहे. तलाव तालुक्याला आहे की जिल्ह्याला आणि तिथे बायकांची वेगळी वेळ आहे का, ते विचारून या. पोरगी पंधराव्या वर्षी तलावावर गेली तर ती कदाचित राष्ट्रीय पदक आणणार नाही. पण चांगली प्रशिक्षक व्हायला तेवढंच लागतं असं नाही. धीर, नजर आणि रोजची वही या तीन गोष्टी कुठल्याही वयात शिकता येतात.

येत्या बैठकीत हा विषय काढा. आपल्या गावात कुणाकुणाची पोरगी पोहते, तेवढी नावं आधी लिहून काढू. भेटू पुढच्या वेळी. नमस्कार.