उन्हाळ्यातील कामाच्या ठिकाणच्या इजा आणि नुकसानभरपाई (छत्रपती संभाजीनगर)

उन्हाळ्यातील कामाच्या ठिकाणच्या इजा म्हणजे तीव्र उष्णतेत काम करताना कामगारास होणारा उष्माघात व उष्णतेचे अन्य विकार, तसेच उष्णतेमुळे आलेल्या थकव्यातून किंवा भोवळीतून घडणारे अपघात. नोकरीमुळे आणि नोकरीच्या ओघात घडलेल्या अपघाताची भरपाई देणे ही भारतीय कायद्यानुसार मालकाची जबाबदारी आहे. त्यासाठी मालकाचा निष्काळजीपणा सिद्ध करावा लागत नाही. मात्र उष्णता डोळ्यांना दिसत नाही आणि मागे ठळक खूण ठेवत नाही. त्यामुळे अशा दाव्यांत काम आणि इजा यांचा संबंध दाखवणारा पुरावा निर्णायक ठरतो.

== पार्श्वभूमी ==

छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) हे मराठवाड्यातील प्रमुख औद्योगिक शहर आहे. चिकलठाणा, वाळूज व शेंद्रा येथे महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या वसाहती आहेत. एप्रिल व मे महिन्यांत येथील कमाल तापमान अनेकदा ४० अंश सेल्सिअसच्या वर जाते. भारतीय हवामानशास्त्र विभागाच्या निकषानुसार मैदानी प्रदेशात कमाल तापमान किमान ४० अंश असून ते सरासरीपेक्षा ४.५ ते ६.४ अंशांनी अधिक असल्यास उष्णतेची लाट समजली जाते. तापमान ४५ अंशांवर पोहोचल्यास सरासरीशी तुलना न करताही ती लाट मानली जाते.

बांधकाम, रस्तेकाम, वीटभट्टी, हमाली व ऊसतोड ही उघड्यावरची कामे उन्हाच्या थेट माऱ्यात चालतात. ओतकाम व घडाईच्या कारखान्यांत भट्टीची उष्णता बाहेरच्या उष्णतेत मिसळते. पत्र्याच्या छपराखालील छोट्या कार्यशाळांत सावली असली तरी हवा खेळती नसल्यास धोका कमी होत नाही.

== इजांचे स्वरूप ==

घामावाटे पाणी व क्षार निघून गेल्यास प्रथम स्नायूंत पेटके येतात. पुढे अशक्तपणा, मळमळ व चक्कर जाणवते. शरीराचे अंतर्गत तापमान ४० अंशांच्या वर जाऊन बडबड, गोंधळ, झटके किंवा बेशुद्धी आल्यास तो उष्माघात होय. कष्टाचे काम करताना झालेल्या उष्माघातात अंगाला घाम असू शकतो. त्यामुळे त्वचा कोरडी नाही म्हणून उष्माघात नाही, असा निष्कर्ष काढता येत नाही. रुग्णास सावलीत नेऊन पाणी व वाऱ्याच्या साहाय्याने तातडीने थंड करणे आणि १०८ क्रमांकावरून रुग्णवाहिका बोलावणे हा प्राथमिक उपचार आहे. बेशुद्ध व्यक्तीस पाणी पाजू नये.

उष्णतेच्या अप्रत्यक्ष इजाही तितक्याच गंभीर असतात. भोवळ येऊन परांचीवरून किंवा शिडीवरून पडणे, घामेजल्या हातातून अवजार निसटणे, लक्ष विचलित होऊन यंत्रात हात सापडणे ही त्याची उदाहरणे होत. कागदोपत्री अशा घटना केवळ ‘पडून जखमी’ म्हणून नोंदल्या जातात आणि उष्णतेचा उल्लेख राहून जातो.

== कायद्याची चौकट ==

भारतात नुकसानभरपाईचा पहिला व्यापक कायदा १९२३ साली संमत झाला व १ जुलै १९२४ पासून लागू झाला. २००९ च्या दुरुस्तीने त्यास ‘कर्मचारी नुकसानभरपाई अधिनियम’ हे नाव मिळाले. २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० अमलात आली असून १९२३ चा अधिनियम तिच्यात विलीन झाला आहे. भरपाईची मूळ रचना संहितेत कायम राहिली आहे.

१९२३ च्या अधिनियमानुसार भरपाई पुढीलप्रमाणे ठरते :

* मृत्यू : मासिक वेतनाच्या ५० टक्के रकमेस वयानुसार ठरलेल्या गुणकाने गुणून येणारी रक्कम, किमान १,२०,००० रुपये.
* कायमचे पूर्ण अपंगत्व : मासिक वेतनाच्या ६० टक्के रक्कम गुणिले गुणक; किमान १,४०,००० रुपये.
* तात्पुरते अपंगत्व : मासिक वेतनाच्या २५ टक्के रक्कम दर पंधरवड्यास, कमाल पाच वर्षे.

३ जानेवारी २०२० पासून या गणनेसाठी मासिक वेतनाची मर्यादा १५,००० रुपये होती. उदाहरणार्थ, ४० वर्षे वयासाठी गुणक १८४.१७ आहे. या वयाच्या, १५,००० रुपये वेतन असलेल्या कामगाराचा मृत्यू झाल्यास ७,५०० गुणिले १८४.१७ म्हणजे १३,८१,२७५ रुपये भरपाई होते. रक्कम देय झाल्यापासून महिनाभरात न दिल्यास १२ टक्के व्याज आणि थकबाकीच्या ५० टक्क्यांपर्यंत दंड आकारण्याची तरतूद या अधिनियमात आहे.

तीन दिवसांपेक्षा अधिक काळ काम करता न येण्याइतकी इजा असल्यासच भरपाई मिळते. मद्याच्या अमलाखाली असणे किंवा सुरक्षेचे नियम हेतुपुरस्सर मोडणे या कारणांवरून मालक जबाबदारी नाकारू शकतो. परंतु मृत्यू किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व आल्यास हा बचाव चालत नाही. कंत्राटदाराकडील कामगारांबाबत मूळ मालकावरही दायित्व येते. हक्क सोडून दिल्याचा करार कायद्याने निरर्थक ठरतो.

== उष्माघात हा ‘अपघात’ आहे काय? ==

भरपाईसाठी इजा अपघाताने झालेली असावी लागते. पडणे किंवा भाजणे याबाबत प्रश्न उद्भवत नाही. उष्माघाताबाबत मात्र तो आजार की अपघात, असा वाद होतो. ब्रिटनच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने १९०८ साली इस्मे, इम्री आणि कंपनी या जहाज कंपनीच्या प्रकरणात याचे उत्तर दिले. जहाजाच्या भट्टीखान्यात राख ओढणारा, प्रकृतीने क्षीण असलेला कामगार उष्माघाताने मरण पावला होता. अनपेक्षितपणे ओढवलेली ही घटना अपघातच होय, असे न्यायालयाने ठरवले. भारतीय अधिनियमाची भाषा ब्रिटिश कायद्यावर बेतलेली असल्याने हे तत्त्व येथेही महत्त्वाचे ठरते.

मुंबई उच्च न्यायालयाने १९५० च्या दशकात मुंबई पोर्ट ट्रस्टच्या एका पहारेकऱ्याच्या प्रकरणात हीच दिशा धरली. त्यास आधीपासून हृदयविकार होता, तरी कामाच्या ताणाने मृत्यू ओढवण्यास हातभार लावला असल्यास भरपाई देय आहे, असे त्या निर्णयाचे सार आहे. मात्र केवळ कामावर असताना मृत्यू आला एवढे पुरेसे नाही. कामाचा ताण व मृत्यू यांतील दुवा दावेदाराने दाखवावा लागतो, हे सर्वोच्च न्यायालयाने हृदयविकाराच्या एका प्रकरणात स्पष्ट केले आहे.

कामावर जाता-येताच्या अपघातांबाबत मराठवाड्यातील एक प्रकरण उल्लेखनीय आहे. धाराशिव जिल्ह्यातील साखर कारखान्याचा पहारेकरी एप्रिल २००३ मध्ये पहाटेच्या पाळीसाठी मोटारसायकलने जात असताना अपघातात मरण पावला. नुकसानभरपाई आयुक्तांनी दिलेला आदेश उच्च न्यायालयाने २०११ साली रद्द केला. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो पुन्हा कायम केला. प्रवासाची वेळ, ठिकाण व परिस्थिती यांचा नोकरीशी संबंध सिद्ध झाल्यास असा अपघात नोकरीच्या ओघातील मानावा, असा हा निर्णय आहे. कुटुंबास या निकालासाठी बावीस वर्षे थांबावे लागले. सामाजिक सुरक्षा संहितेतही आता तशी तरतूद आहे.

== दावा आणि पुरावा ==

अपघाताची सूचना मालकास शक्य तितक्या लवकर लेखी देणे आवश्यक असते. १९२३ च्या अधिनियमात दावा दाखल करण्याची मुदत दोन वर्षे असून सबळ कारण असल्यास विलंब माफ होऊ शकतो. या अधिनियमाखालील आयुक्ताचे काम छत्रपती संभाजीनगर येथे कामगार न्यायालयाच्या न्यायाधीशांकडे राहिले आहे. आयुक्ताच्या आदेशावर कायद्याच्या महत्त्वाच्या प्रश्नापुरते उच्च न्यायालयात अपील करता येते. मृत्यूची भरपाई मालकाने आयुक्ताकडे जमा करावयाची असते. वारसांना परस्पर दिलेली रक्कम भरपाई म्हणून धरली जात नाही.

उष्माघाताच्या दाव्यात पुढील बाबी उपयुक्त ठरतात : रुग्णालयात दाखल करताना मोजलेले शरीराचे तापमान, शवविच्छेदनाचा अहवाल, त्या दिवसाची हवामान विभागाची नोंद, हजेरीपट, कामाचे तास, पाणी व सावलीची स्थिती आणि सहकाऱ्यांचे जबाब. शवविच्छेदनात उष्माघाताची स्वतंत्र खूण बहुधा आढळत नाही. म्हणून दाखल होतानाची तापमानाची नोंद विशेष मोलाची असते. रुग्ण थंड केल्यानंतर किंवा अंत्यसंस्कारानंतर हा पुरावा पुन्हा मिळत नाही.

== इतर संरक्षण ==

कर्मचारी राज्य विमा योजनेत १ जानेवारी २०१७ पासून मासिक वेतनाची मर्यादा २१,००० रुपये आहे. या योजनेतील कामगारास भरपाईऐवजी विमा महामंडळाकडून अपंगत्व लाभ, तर त्याच्या मृत्यूनंतर आश्रितांना निवृत्तिवेतन मिळते. दोन्ही लाभ एकाच वेळी घेता येत नाहीत. मागील १२ महिन्यांत किमान ९० दिवस काम केलेले, १८ ते ६० वयोगटातील बांधकाम कामगार महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे नोंदणी करू शकतात. मंडळाचे साहाय्य हे मालकाच्या दायित्वास पर्याय नाही.

== हेही पाहा ==

* उष्माघात
* सामाजिक सुरक्षा संहिता, २०२०
* कर्मचारी राज्य विमा योजना
* मुंबई उच्च न्यायालय