गुराब : आत्मरक्षणाची नौका

अंतराळयुद्धाच्या कल्पितकथा मराठीत वाढू लागल्यापासून त्यांतील आरमारांची नावेही वाढली आहेत. परंतु लेखक बहुधा ‘युद्धनौका’ या एकाच शब्दावर भागवितात. चढाईची नौका आणि आपला प्रदेश राखणारी नौका यांची घडण मुळातच निराळी असते, हे त्या शब्दातून कळत नाही. हा भेद समजावून देण्यास शिक्षकाने आकाशात जाण्याचे कारण नाही. आपल्या कोकणकिनाऱ्यावर त्याचा उत्तम दाखला आहे.

तो दाखला म्हणजे गुराब. शब्द अरबी, अर्थ कावळा. अठराव्या शतकातील इंग्रज इतिहासकार रॉबर्ट ऑर्म याने तिचे जे वर्णन केले आहे त्यावरून दोन डोलकाठ्यांची गुराब सुमारे १५० टनांची आणि तीन डोलकाठ्यांची सुमारे ३०० टनांची असे. तिची नाळ सखल व पुढे निमुळती होत गेलेली; त्या नाळेवर समोर मारा करणाऱ्या तोफा. तळ उथळ असल्यामुळे खाडीत शिरणे तिला सहज साधे. जोडीस गलबत असे : क्वचितच ७० टनांहून मोठे, पण ४०-५० वल्ह्यांचे. वारा पडला की हीच गलबते गुराबेला ओढून नेत. परकी जहाज निश्चल उभे असता गुराबा त्याच्या पिछाडीस येत, तेथून त्याच्या डोलकाठ्यांवर तोफा डागीत. ते पंगू झाले म्हणजे गलबतांतील माणसे वर चढत. मोठ्या जहाजाच्या तोफा बाजूंना असतात, आणि वाऱ्यावाचून त्याला वळता येत नाही. ते दुबळेपण हेरूनच ही नौका घडविली होती.

१७१६ च्या सुमारास रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्रात हेच धोरण सांगितले. गुराबा फार थोर नकोत, फार लहानही नकोत. वाऱ्याविना निरुपयोगी ठरणारी प्रचंड जहाजे बांधूच नयेत. दर सुभ्यास पाच गुराबा व पंधरा गलबते द्यावीत. शत्रू भारी झाला तर हट्टाने न झुंजता किल्ल्याच्या आश्रयास यावे. हे भित्रेपण नव्हे. किल्ल्याच्या तोफा, खाडीचे उथळ पाणी आणि नौका मिळून एकच शस्त्र होते. त्यातून नौका तेवढी उचलून समुद्रात मध्यावर ठेवली तर ती दुबळीच दिसणार. कान्होजी आंग्र्यांना ‘चाचा’ म्हणणाऱ्या इंग्रजांना १७२१ साली पोर्तुगीजांच्या साह्यानेही कुलाबा घेता आला नाही.

याच प्रकरणात लाकडाविषयीही सूचना आहे. सागवान राज्यातील अरण्यांतून परवानगीने तोडावे. रयतेच्या आंब्या-फणसांना हात लावू नये, कारण ती झाडे लोकांनी लेकरांसारखी वाढविलेली असतात. आदिलाबादेजवळच्या मावल्यात समुद्र कोणी पाहिला नसला तरी सागाचे रान सर्वांनी पाहिले आहे. तेथील विद्यार्थ्याला आरमार शिकवायचे तर मी या सागापासूनच आरंभ करीन.

या पद्धतीचा एक दोष होता : सारे आरमार बंदरात एकत्र उभे राही. फेब्रुवारी १७५६ मध्ये विजयदुर्गावर इंग्रजांचा हल्ला झाला, पेशव्यांचे सैन्य जमिनीवरून त्यांच्या साह्यास होते, आणि एका जहाजाला लागलेली आग पसरून तुळाजी आंग्र्यांचे आरमार जळाले. इंग्रजांनी मात्र मुंबईच्या आपल्या आरमारात हाच नौकाप्रकार ‘ग्रॅब’ या नावाने ठेविला होता.