जमीन द्यायला निघालेला उमराव

चुकलेला माणूस सुधारतो, अशा गोष्टी आपण पुष्कळ ऐकतो. पण सुधारलेल्या माणसावर गावाने विश्वास का ठेवावा? रशियाच्या टॉलस्टॉयने ‘रिसरेक्शन’ म्हणजे ‘पुनरुत्थान’ या कादंबरीत हाच प्रश्न धरला आहे. १८९९ साली ती ‘नीवा’ नावाच्या घरगुती साप्ताहिकात क्रमशः छापून आली. नीवा म्हणजे धान्याचे शेत!

नेख्लुदोव हा बडा जमीनदार. तरुणपणी आत्यांच्या घरच्या कात्यूशा या पोरक्या मुलीला त्याने फसवले, शंभर रुबल हातावर ठेवले आणि निघून गेला. दिवस गेलेल्या त्या पोरीला ते घर सोडावे लागले. मूल दगावले, ती बाजारात बसली. पुढे विषप्रयोगाच्या खटल्यात ती आरोपी आणि हा पंच! पंचांनी उत्तर लिहिताना हलगर्जीपणा केला आणि निर्दोष बाईला सक्तमजुरी झाली.

आता याचे मन जागे होते. तिच्याशी लग्न करायचे आणि जमीन कसणाऱ्यांच्या हाती द्यायची, असे तो ठरवतो. एका गावी तो खंड सुमारे ३० टक्क्यांनी उतरवतो. शेतकरी आनंदले असतील म्हणता? छे! ते घासाघीस करतात, आणखी कमी करा म्हणतात. दुसऱ्या गावी तो सांगतो, जमीन तुम्हीच कसा, खंडाचा पैसाही गावाच्याच कामी लावा. लोक आधी नको म्हणतात. मालक आपणहून जमीन सोडतो म्हणजे नक्की काहीतरी काळेबेरे! पिढ्यान् पिढ्या नाडलेल्यांचा हा संशय वेडेपणाचा नव्हे. शेवटी एक म्हातारी उलगडा करते, की मालकाला आता आपल्या आत्म्याची काळजी लागली आहे. तेव्हा कुठे लोकांना पटते.

कात्यूशा मात्र त्याहून पक्की. तुरुंगात ती त्याला तोंडावर सुनावते, की आधी माझ्याकडून सुख घेतलेस, आता माझ्याच जिवावर परलोक साधायला आलास. मला तर कादंबरीत हाच भाग सर्वांत खरा वाटतो. नेख्लुदोव स्वतःच्या चांगुलपणावर अधूनमधून खूश होतो, हेही टॉलस्टॉय लपवत नाही. सैबेरियापर्यंत तो तिच्यामागे जातो, सरकारदरबारी खटपट करून शिक्षा सौम्य करून घेतो. तिचे त्याच्यावर प्रेम असते, तरीही ती सिमोन्सन या राजकीय कैद्याची सोबत पत्करते आणि त्याला मोकळे करते.

या कादंबरीचे उत्पन्न टॉलस्टॉयने घरात ठेवले नाही. लष्करात जायला नकार दिल्याबद्दल छळल्या गेलेल्या दुखोबोर पंथाच्या शेतकऱ्यांना कॅनडाला पोचवण्यासाठी त्याने ते दिले.