लाइक केलं आणि नोकरी गेली

नोव्हेंबर २०१२. बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद कशासाठी, असं पालघरच्या एका मुलीनं फेसबुकवर विचारलं. मैत्रिणीनं ते लाइक केलं. दोघींना अटक झाली, एकीच्या काकांचा दवाखाना जमावानं फोडला. हे प्रकरण सगळ्यांच्या लक्षात आहे. त्याच वर्षी मे महिन्यात मुंबई पोलिसांनी एअर इंडियाच्या दोन कर्मचाऱ्यांना फेसबुकवरच्या मजकुरावरून पकडलं होतं, ते मात्र फारसं कुणाला आठवत नाही. बारा दिवस कोठडी, वर नोकरीतून निलंबन. मला हेच प्रकरण जास्त बोलकं वाटतं. मार दोन बाजूंनी बसला होता आणि पुढे त्यातली एकच बाजू थोपवली गेली.

२४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयानं अशा अटकांसाठी वापरलं जाणारं माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६अ कलम रद्द केलं. तो आनंद रास्तच होता. पण निलंबनाचा कागद काढायला ६६अ कधी लागतच नव्हतं.

सरकारी नोकराला निदान संविधानाचा आधार आहे. त्रिपुराच्या मत्स्य खात्यातल्या एका महिलेला राजकीय सभेला गेल्याबद्दल आणि फेसबुक पोस्टबद्दल ऐन निवृत्तीच्या तोंडावर निलंबित केलं. सरकारी नोकरीत आलं म्हणून बोलण्याचा हक्क संपत नाही, असं तिथल्या उच्च न्यायालयानं जानेवारी २०२० मध्ये बजावलं.

खासगी नोकरीत मात्र संविधानातल्या अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या एकोणिसाव्या कलमाचा प्रत्यक्षात फारसा उपयोग होत नाही. मे २०२४ मध्ये मुंबईतल्या एका शाळेनं बारा वर्षं तिथे काम केलेल्या मुख्याध्यापिकेला काढून टाकलं. कारण काय, तर गाझाबद्दलच्या काही पोस्ट त्यांनी लाइक केल्या होत्या. वर्गात काही बोलल्याचा आरोप नव्हता. कुणी रुग्णाची माहिती चव्हाट्यावर मांडली, सहकाऱ्याला धमकावलं, तर मालकानं कारवाई केलीच पाहिजे. पण फावल्या वेळात, स्वतःच्या फोनवर बाळगलेलं मत हा कामातला कसूर कसा ठरतो?

आणि सरकारी नोकरीत? जुलै २०२५ मध्ये महाराष्ट्र सरकारनं शासन निर्णय काढून कर्मचाऱ्यांना राज्याच्या वा केंद्राच्या धोरणांवर समाजमाध्यमांत प्रतिकूल टीका करायला मनाई केली. कंत्राटी कर्मचारीही त्यात आले. शासकीय वाहनासोबतचा फोटो टाकू नका, ही अट समजते. पण धोरण गावात कुठे अडतं, हे ग्रामसेवकाइतकं कुणाला ठाऊक असतं? त्यानंच गप्प बसायचं, हे मला मान्य नाही.